भरतीच्या रेषेखालचे नगर

नवे नगर वसविण्यापूर्वी भूमीची परीक्षा करावी, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त ती परीक्षा कशी करावी हेही सांगितलेले आढळते. हातभर खड्डा खणावा आणि त्यातून निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, नेमकी पुरली तर मध्यम, आणि खड्डा भरला नाही तर ती भूमी त्याज्य समजावी. ही कसोटी घट्ट मातीच्या मुलखासाठी ठीक आहे. कोकणातील एखाद्या खाडीच्या काठी हाच प्रयोग करू जाणाऱ्या मनुष्याचा खड्डा माती टाकण्याआधीच पाण्याने भरेल, आणि दोन-चार भरत्या येऊन गेल्यावर तो खड्डा कोठे खणला होता हेही सापडणार नाही. तेथे भूमीची परीक्षा करावयाची म्हणजे भरतीची परीक्षा करावयाची. उधाणाचे पाणी कोठवर चढते, ते किती वेळ राहते, आणि त्याच वेळी आभाळातून पाऊस कोसळत असला तर ते पावसाचे पाणी जावयाचे कोठे, हे तीन प्रश्न ज्याने सोडविले त्यालाच खाडीकाठी घर बांधण्याचा अधिकार.

मुंबई बेटाच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीपलीकडे, १९७० नंतर जे नवे नगर उभे राहिले त्याचा इतिहास ह्या तीन प्रश्नांच्या आधारे वाचण्याजोगा आहे. चंडीगढ, भुवनेश्वर, गांधीनगर ही स्वातंत्र्योत्तर काळातील नवी नगरे कोरड्या भूमीवर वसली. नवी मुंबई मात्र डोंगराची रांग आणि खाडीचा चिखल ह्यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात वसवावयाची होती, आणि त्या पट्ट्याचा मोठा भाग भरतीच्या रेषेच्या खाली होता.

खाली होता, म्हणजे ओसाड होता, असे मात्र कोणी समजू नये. उलट, ही भूमी माणसाने शेकडो वर्षे राबून समुद्राकडून मागून घेतलेली होती. बेलापूर, पनवेल, उरण ह्या बाजूंच्या आगरी शेतकऱ्यांची खारबंदिस्ती म्हणजे जलशास्त्राचा एक स्वतंत्र अध्यायच म्हटला पाहिजे. खाडीच्या तोंडाशी चिखल, दगड आणि पेंढा ह्यांचा जाड बांध घालावयाचा. त्याला बाहेरकाठा म्हणत. त्याच्या आत शेतांचे लहान बांध. बाहेरकाठ्यात ठराविक जागी उघाडी ठेवावयाची. उघाडी म्हणजे बांधातले दार. ह्या दाराची झडप अशी बसविलेली असे की, भरती चढू लागली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटावी, आणि ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली म्हणजे आत साठलेल्या पावसाच्या पाण्याने ती आपोआप उघडावी. दारावर पहारेकरी नको, किल्ली नको. चंद्राच्या कलेप्रमाणे दार स्वतःच चालते. नव्याने बांधलेल्या खारात पहिली काही वर्षे पीक येत नसे. पावसाने मातीतला खार धुऊन उघाडीवाटे बाहेर जावयास तेवढा अवधी लागे. मग त्या चिखलात नांगर न घालता मोड आलेले बी फेकून भाताचे पीक काढीत. खाऱ्या जमिनीतला तो तांबडा तांदूळ शहरी ताटात क्वचितच आला असेल. पण त्यावर गावेच्या गावे पोसली गेली. शेताकडेच्या तळ्यात जिताडा वाढे, ओहोटीच्या चिखलात निवट्या मिळत, पलीकडे मिठागरे असत, आणि बांधाच्या बाहेर तिवरांचे रान भरतीचा पहिला धक्का आपल्या अंगावर घेई.

ह्या व्यवस्थेस महसुली दप्तरातही स्थान होते. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे ज्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले त्या जिल्ह्यात, अशा बंदिस्त जमिनीच्या एका धारापद्धतीस शिलोत्री म्हणत. शिलोत्रीदाराचा जमिनीवरील हक्क आणि बाहेरचा बांध राखण्याचे त्याचे कर्तव्य ही दोन्ही एकाच दोरीत गुंफलेली होती. उधाणात बांधाला खांड पडली तर केवळ एकाचे शेत बुडत नसे; आतला सगळा खार पुन्हा खाऱ्या पाण्याखाली जाई, आणि खार धुवावयाची सारी तपश्चर्या पहिल्यापासून करावी लागे. मुंबई सरकारने १९४८ मध्ये खारजमिनींविषयी स्वतंत्र कायदा केला, तो बांधांची ही जबाबदारी कोणाची हे ठरविण्यासाठीच. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात परत येतो.

आता खाडीच्या अलीकडे वळू. १९५१ साली बृहन्मुंबईची वस्ती ३० लाखांच्या आत होती. १९७१ साली ती ५९ लाखांवर गेली. बेट लांबट आणि अरुंद, कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकास, आणि माणसे उत्तरेकडे पसरलेली. सकाळी सारे शहर दक्षिणेस लोटावयाचे आणि संध्याकाळी उत्तरेस. १९५८ मध्ये सरकारने स. गो. बर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्याने खाडीवर पूल बांधून मुंबईस मुख्य भूमीशी जोडण्याची शिफारस केली. पुढे १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या समितीने प्रादेशिक नियोजनाचा पाया घातला, आणि त्यातून १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा निघाला. त्याच १९६५ सालच्या जून महिन्यात 'मार्ग' ह्या कलाविषयक नियतकालिकाच्या एका अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी खाडीपलीकडे जुळे नगर वसवावे अशी योजना मांडली. दोन वास्तुविशारद आणि एक स्थापत्य अभियंता ह्यांनी कोणी न सांगता, स्वखुशीने केलेला हा विचार पाचच वर्षांत राज्याचे धोरण व्हावा, ही आपल्या इकडे सहसा न घडणारी गोष्ट होय. १९७० च्या फेब्रुवारीत ८६ गावांची जमीन संपादन करण्याची अधिसूचना निघाली, आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको ह्या महामंडळाची नोंदणी झाली. मागाहून आणखी नऊ गावे मिळवून एकंदर ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र नगरासाठी मुक्रर झाले. वस्तीचे लक्ष्य होते २० लाखांचे.

येथे कालगणनेतील एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. मोठे बांधकाम करण्यापूर्वी त्याचा भूमी, जल, वायू आणि जीवसृष्टी ह्यांवर काय परिणाम होईल हे लेखी तपासून प्रसिद्ध केले पाहिजे, असे सरकारी खात्यांवर बंधन घालणारा अमेरिकेचा कायदा १ जानेवारी १९७० रोजी अमलात आला. म्हणजे सिडकोच्या जन्मापूर्वी अवघे अडीच महिने. भारतात असे बंधन यावयास १९९४ साल उजाडले. तेव्हा नव्या मुंबईचा आराखडा ज्यांनी १९७३ मध्ये तयार केला त्यांच्यापुढे अशा परीक्षेचा ना कायदा होता, ना नमुना. त्यांनी जे तपासले ते आपल्या बुद्धीने तपासले, आणि जे तपासले नाही ते तपासावयास सांगणारा कोणी नव्हता.

त्यांनी तपासले ते पाणी. सखल जमिनीवर नगर वसवावयाचा सरळ मार्ग म्हणजे सगळीकडे भराव घालून ती भरतीच्या वर उचलणे. मुंबई बेट असेच घडले आहे. परंतु शेकडो हेक्टर भूमी काही मीटर उचलावयाची तर त्यास लागणारी माती आणि मुरूम आणावयाचा कोठून? पाठीमागच्या पारसिकच्या डोंगरातून. तो खर्च आवाक्याबाहेरचा होता, आणि पुष्कळसा डोंगरही त्यापायी जमीनदोस्त करावा लागला असता. म्हणून हॉलंडची युक्ती पुढे आली. भूमी थोडीच उचलावी; खाडीच्या बाजूस बांध घालावा; आणि वस्ती व बांध ह्यांच्यामध्ये मोठी उथळ तळी राखून ठेवावीत. त्यांस धारण तलाव म्हणतात. पावसाचे पाणी गटारांतून तलावात येते. बाहेर भरती असेल तोवर बांधातील झडपा मिटलेल्या राहतात आणि पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीस मिळते. भरतीच्या काही तासांत जेवढा पाऊस पडू शकेल तेवढे पाणी पोटात घेण्याइतका तलाव मोठा हवा, एवढाच ह्यातील हिशेब. अर्थात तो हिशेब सोपा नाही. मुंबई बंदरात पावसाळी उधाणाचे पाणी सागरी नकाशातील शून्यरेषेच्या वर सुमारे पाच मीटर चढते, आणि येथला पाऊस कधी कधी कोणताच हिशेब जुमानीत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, हे खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसे अद्याप विसरलेली नाहीत.

धारण तलावाची ही रचना वाचताना मन वारंवार मागे जाते. बाहेरकाठा, आतले साठवण, आपोआप मिटणारी आणि उघडणारी झडप: ही तर खाराची उघाडीच! नगररचनाकारांनी ती डचांकडून घेतली असे सांगतात, आणि तसे म्हणण्यास हरकत नाही. डच लोक ह्या विद्येत जगाचे गुरू आहेत. परंतु ज्या शेतावर हा तलाव खोदला गेला त्या शेताच्या बांधात तेच यंत्र लाकडात घडविलेले होते, आणि ते चालविणारा मनुष्य शेजारच्या गावठाणात राहत होता. त्या भूमीची दीर्घ आणि कसून केलेली परीक्षा त्याच्यापाशी होती. उधाणाचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर चढले, बांधाला खांड कोठे पडते, कोणत्या ओढ्याचे पाणी आधी येते, हे तो सांगू शकला असता. त्याच्याकडे चौकशी झाली ती सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरती.

आता जे तपासले गेले नाही त्याविषयी. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक विकास महामंडळाचा कारखान्यांचा पट्टा ह्या नगराच्या आधीच, १९६० नंतरच्या दशकात, उभा राहू लागला होता आणि त्यात रासायनिक कारखाने पुष्कळ होते. एका बाजूस हे कारखाने आणि दुसऱ्या बाजूस त्यांचे सांडपाणी जिला मिळावयाचे ती खाडी, ह्यांच्या मधोमध माणसांची वस्ती आली. तिवरांचे रान हे बांधाचे पहिले संरक्षण आणि माशांचे पाळणाघर आहे, ही गोष्ट कोळणीस ठाऊक होती. कागदोपत्री मात्र ते दलदल ह्या सदरात मोडत होते, आणि दलदल म्हटली की ती बुजविण्याकडेच अधिकाऱ्याचे मन धावते. पारसिकचा डोंगर संपूर्ण कापला जाण्यातून वाचला खरा. पण दगडखाणींनी त्याच्या कुशी पोखरल्याच. आणखी एक विसंगती अशी की, मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नगर वसविले जात असताना दक्षिण टोकास नरिमन पॉइंटचा समुद्र बुजवून त्यावर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहतच होते. वाशीचा पूल १९७३ मध्ये खुला झाला, पण रेल्वे वाशीपर्यंत यावयास १९९२ साल लागले. सरकारी कचेऱ्या पलीकडे नेऊन नव्या नगरास प्राण द्यावयाचा हा मूळ संकल्प तर बव्हंशी कागदावरच राहिला.

सगळ्यांत मोठी उणीव माणसांची होती. परिसराची परीक्षा म्हटली म्हणजे झाडे, पक्षी आणि पाणी एवढेच डोळ्यांपुढे येते. पण त्या परिसरावर ज्याचे पोट चालते तो मनुष्य त्या परिसराचाच घटक असतो. आगरी शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ठरावयाची होती. त्या कायद्यास शेताचे क्षेत्रफळ मोजता येत होते. बांधाचा जिताडा, खाडीतली निवटी, मिठागरावरची मजुरी, कूळ म्हणून केलेली वहिवाट, हे त्यास मोजता येत नव्हते. ज्याची जमीन नव्हती त्या कोळ्याचे तर काहीच गेले नाही, असे हिशेब सांगत होता. त्याची फक्त मासळी गेली. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, जासईचे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवशी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मरण पावले. त्यानंतर काही वर्षांनी, १९९० पासून, संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आराखड्याच्या वेळी जो प्रश्न विचारावयाचा राहिला होता त्याचे उत्तर अकरा वर्षांनी रक्ताने लिहिले गेले. असे म्हणणे कठोर वाटेल, परंतु ते खोटे नाही.

दरम्यान देशात परिसराविषयी जाणीव वाढत होती. १९७२ मध्ये स्टॉकहोमला जागतिक परिषद भरली, आणि भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे बोलल्या. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र पाठवून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा राखण्यास सांगितले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला, १९९१ मध्ये किनारा नियमनाची अधिसूचना निघाली, आणि १९९४ मध्ये मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन सक्तीचे झाले. इतके होईपर्यंत नव्या मुंबईचे सांगाडे उभे राहिले होते. कायदा आला तेव्हा नगर आधीच त्याच्या वाटेत बसलेले होते.

नव्या कायद्याची खरी कसोटी लागली ती पनवेलजवळच्या विमानतळाच्या वेळी. जागा आधीच ठरली होती. तिला किनाऱ्याचा नियम आड येत होता, म्हणून २००९ मध्ये नियमातच दुरुस्ती झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आघातांचा अहवाल केला, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने प्रवाहांचा अभ्यास केला, आणि २०१० च्या नोव्हेंबरात अनेक अटींसह केंद्राची अनुमती मिळाली. उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, उलव्याची टेकडी कापावी लागली, तिवरांचा पट्टा गेला, आणि दहा गावठाणे हलली. ह्या वेळी सारे लिहून झाले, मोजून झाले, जनसुनावणीही झाली. १९७० च्या मानाने ही सुधारणा लहान नव्हे. तथापि एक शंका उरतेच. जागा ठरल्यावर होणाऱ्या परीक्षेस प्रश्न कोणता विचारता येतो? येथे बांधावे की नाही, हा प्रश्न तिला विचारता येत नाही; बांधावयाचे तर कसे, एवढाच विचारता येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ह्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटील ह्यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मोठे आंदोलन केले, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तसा ठराव केला.

शेवटी पुन्हा धारण तलावांकडे येऊ. कारण खाडीने आपला अभिप्राय तेथे लिहिला आहे. भरतीबरोबर झडपांच्या फटींतून गाळ आत येतो, आणि गाळाबरोबर तिवरांचे बी येते. काही वर्षांत तलावांत तिवर उगवले, वाढले, त्यांच्या मुळांशी आणखी गाळ धरला गेला, आणि पाणी पोटात घेण्याची तलावांची शक्ती उणावत गेली. ज्या तिवरांस आराखड्यात जागा नव्हती त्यांनी आराखड्याच्या हृदयातच जागा केली. दुसऱ्या बाजूस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरात आणि अंतिमतः २०१८ च्या सप्टेंबरात राज्यभरच्या तिवरवनांच्या तोडीस प्रतिबंध केला. तो निर्णय योग्यच होता. ठाण्याच्या खाडीचे जे काही उरले आहे ते पुष्कळसे त्याच्या आधाराने उरले आहे. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे ज्या चिखलावर उतरतात तो २०१५ मध्ये अभयारण्य ठरला, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर यादीत स्थान मिळाले. पण त्याच निर्णयामुळे तलावातील तिवरांस हात लावावयाचा तर न्यायालयाची अनुज्ञा लागते, आणि ते तिवर न काढता गाळ काढणे कठीण. गाळ राहिला तर उधाणाच्या दिवशी मुसळधार पावसाचे पाणी तलावात न मावता रस्त्यांवर येते. वनस्पती राखावी की वस्ती, असा पेच त्या झडपेपाशी येऊन उभा राहिला आहे, आणि दोन्ही पक्षांस कायद्याचा आधार आहे.

शिलोत्रीच्या काळी हा पेच पडत नसे. तिवर बांधाच्या बाहेर आणि पाणी बांधाच्या आत, अशी वाटणी होती; पावसाळ्यापूर्वी उघाडीतला गाळ ज्याचे शेत तो काढी, कारण न काढला तर त्याचेच भात बुडे. आता तलाव महामंडळाने खोदले आणि १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे ते सांभाळण्याचे काम आले. तिवर वनखात्याच्या कक्षेत, किनारा प्राधिकरणाच्या कक्षेत आणि दावा न्यायालयाच्या कक्षेत. दर वर्षी ज्येष्ठ सरत आला की झडपांची पाहणी होते, पत्रे जातात, उत्तरे येतात. आणि आषाढी अमावास्येचे उधाण पंचांगात सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या घटकेस, बांधापाशी येऊन उभे राहते.